नानांचं जुनं नाव

"पोराचं नाव कचरू ठेवायचं," असं मी जेवताना म्हणाले आणि माझ्या नवऱ्यानं हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. माझ्या बाळंतपणासाठी गावाहून आलेल्या सासूबाई वरण वाढत होत्या, त्या तशाच वाकून राहिल्या. मी त्यांच्या हातातली पळी घेऊन माझं मी वाढून घेतलं. भूक होती असं नाही. बाळंतिणीनं खावं लागतं, म्हणून खात होते.

"काय म्हणलीस?" संघपालनं विचारलं.

"कचरू."

"मस्करी करून राह्यली का तू?"

"न्हाई."

संघपाल आवाज चढवणारा माणूस नाही. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन आहे. तिथं दिवसभर इतका धडधडाट असतो, की घरी आल्यावर त्याला हळू बोलायलाच बरं वाटतं. तेव्हाही तो हळूच म्हणाला, "दीपमाला, ते नानांचं नाव हाये."

"माहीत हाये. म्हणूनच."

नाना म्हणजे माझे सासरे. जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीत, त्यांना सगळे संपत गुरुजी म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी त्याच भागातल्या शाळांवर काढली आणि निवृत्त झाल्यावरही गाव सोडलं नाही. पण आईबापांनी ठेवलेलं त्यांचं नाव कचरू. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथं जन्मलं तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी त्या काळी जे करायचे तेच केलं. पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं ते 'सापडलं' म्हणून उचललं आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. म्हणजे हे पोर फेकलेलं आहे, कुणाला नको आहे, मरणानंही याला हात लावू नये इतकं टाकाऊ आहे. मग नावही तसंच ठेवायचं.

पुढच्या वर्षी अख्ख्या वस्तीनं धम्म घेतला. घरातले देव गेले, गावकीची कामं सुटली, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं. पोराचं नाव बदलायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते नानांनीच बदललं, मास्तरकी लागल्यावर. लग्नानंतर सासूबाईंनी मला हे एकदाच सांगितलं होतं, भांडी घासता घासता, आणि वर बजावलं होतं, "त्येंच्या म्होरं काढू नको कधी."

मी काढलं. नाना गावी होते, म्हणून आधी बाकीच्यांसमोर काढलं इतकंच.

आता मी अडाणी आहे असं कुणी समजू नये. मी बी.एस्सी. आहे, वर लॅबचा कोर्स केलाय, जालन्यात रक्त-लघवी तपासायच्या एका लॅबमध्ये काम करते. नजर, करणी, उतारा यातलं मला काही खरं वाटत नाही. माझं माहेर परतूर तालुक्यातलं आष्टी. तिथं आमच्या घरात पोरांना चालायला यायच्या आधी बुद्धवंदना यायची. लिंबू-मिरची मी फक्त जेवणात बघितली आहे.

पण माझी दोन मुलं गेली.

पहिला वेळेआधी आला. काचेच्या पेटीत होता, तिथूनच गेला. नाव ठेवायची वेळच आली नाही. दुसरा सम्यक. त्याचं नाव आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं होतं, मोबाइलवर अर्थ बघून, आडनावाबरोबर म्हणून बघून. सम्यक चांगला गुटगुटीत होता, मान धरायला लागला होता. एका दुपारी दूध पिऊन झोपला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, कुणाचीच चूक नसते. मला कुणाची तरी चूक हवी होती. आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट चुकला तर कुणाची चूक ते सापडतंच.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. रडूही येईना. बायका म्हणायच्या, दीपमाला फार धीराची. धीर कसला डोंबलाचा! दात काढताना इंजेक्शन देतात, मग ओढलेलं कळतं पण दुखत नाही, तसं झालं होतं. मी कामावर जात होते, भाजी निवडत होते, सीरियल बघत होते. पुन्हा दिवस गेले तेव्हाही मी संघपालला 'गॅस संपलाय' सांगावं तसं सांगितलं होतं.

तिसरा झाला तेव्हा नर्स हसून म्हणाली, "मुलगा आहे!" मी म्हणाले, "बरं."

वजन चांगलं होतं, रडणं चांगलं होतं. मी त्याला पाजायचे, कोरडं करायचे, झोपला की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे. सासूबाई त्याला सोन्या म्हणायच्या, संघपाल 'साहेब' म्हणायचा. मी काहीच म्हणत नव्हते. 'तो झोपला', 'त्यानं शी केली' एवढंच. सगळं वेळच्या वेळी करत होते, त्यामुळे कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

मग एका सकाळी पाजता पाजता मला नानांचं ते जुनं नाव आठवलं आणि मी ठरवून टाकलं. घाबरून ठरवलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी घाबरलेही नव्हते.

नाव फुटलं आणि ज्याला त्याला मत फुटलं. लॅबमधला भागवत बाळाची खुशाली विचारायला फोन करायचा, तो म्हणाला, "मॅडम, बिलकुल नका ठेवू. शाळेत पोरं जगू देणार न्हाईत त्याला." मी म्हणाले, "शाळेत जाईपर्यंत जगला तर बघू." त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

आमच्या गल्लीतल्या गोजरबाईंना मात्र नाव ऐकून काहीच वाटलं नाही. त्या शेतकरी घरातल्या, मराठ्यांच्या, मुलाबरोबर जालन्यात राहायला आलेल्या. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमच्या थोरल्या दिराचं नाव केरबा. नव्वदी गाठली बगा, अजून पाव्हण्यात मान हाये त्येला. पोरं जगत नव्हती म्हणून ठेवलं व्हतं. तुमी बराबर करून राह्यल्या."

हे मी माझ्या नणंदेला, प्रियाला, फोनवर सांगितलं. प्रिया परभणीला कॉलेजात शिकवते आणि घरातही तासाला उभी असल्यासारखीच बोलते.

"वहिनी, त्यांच्या केरबाला कुणी केर समजून वागवलं का?" ती म्हणाली. "जमीन त्याची, घर त्याचं, पुढं राव लागणार. त्यांच्यात ते नुसतं नाव असतं. आपल्यात कचरू म्हणलं की माणसाला जागा दाखवली जायची. आपल्या माणसानं चांगलं नाव ठेवलं तर लोक मोडून हाक मारायचे. नानांनी केवढ्या मुश्किलीनं ते अंगावरून काढलं, तुला माहीत हाये का?"

"न्हाई माहीत."

"मंग?"

"पण ते जगले एवढं माहीत हाये."

ती म्हणाली, "माझ्या तोंडून हे नाव निघणार न्हाई. आत्या म्हणून मी उभी राहणार न्हाई. सांगून ठेवते."

नवऱ्यानं आणखी एक-दोनदा समजावून बघितलं. दुसरी नावं सुचवली. छान होती सगळी. "चांगलं नाव वाया जातं रे," मी म्हणाले, "ते परत कुणाला देता येत न्हाई." त्यावर तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. त्याचीही दोन मुलं गेली होती, हे मला कळत होतं. नुसतं कळत होतं.

सासूबाई तेवढ्या माझ्या बाजूनं होत्या, पण चोरून. बाळाला तेल लावताना पुटपुटायच्या, "ठेव बाई, काय बी ठेव. हाक माराया पोर तर पायजे."

शेवटी नाना जालन्याला आले. संघपालनंच बोलावलं असणार. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खिशाला पेन, हातात बाळासाठी झबल्याची पिशवी. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले आणि मला समोर बसायला सांगितलं. संघपाल ड्यूटीवर होता, सासूबाई देवळामागच्या भाजीबाजारात गेल्या होत्या. आतल्या खोलीत बाळ होतं.

"कुणी घातलं हे तुझ्या डोक्यात?" नानांनी विचारलं.

"कुणी न्हाई. माझं मीच ठरवलं."

"तुला काय माहीत, ते नाव म्हंजे काय व्हतं?" नाना रागावले नव्हते, थकल्यासारखे बोलत होते. "पहिलीत गेल्तो. मास्तरनं नाव इचारलं. सांगितलं. त्येनं झाडू दिला हातात. म्हणला, तुझ्या नावातच तुझं काम हाये. चौथीपर्यंत रोज शाळा झाडली म्या. झाडून झाली की भाईर बसून धडे ऐकायचे. नंतर मास्तर झालो, साहेबलोकांसोबत बसलो, तरी गावातून चाललो की मागं वळून बघायचो, कोण जुनं नाव घेतं की काय. माझ्या पोरायम्होरं सुदिक त्ये नाव कधी काढलं न्हाई म्या. आन तू माझ्या नातवाला देऊन राह्यली."

मी ऐकून घेतलं. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटण्यासारखंच होतं ते. पण आत काही हललं नाही, म्हणून मला माझाच संताप आला आणि तो मी त्यांच्यावर काढला.

"नाना, तुमच्या आधीची तीन गेली ना?"

"गेली."

"तुम्ही जगलात ना?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. "नावानं जगलो का मी? मायच्या दुधानं जगलो आसंन. लस टोचली, तिच्यानं जगलो आसंन."

"आसंन. पण ते तपासून बघायची सोय न्हाई माझ्याकडं. मी एक पोर बिननावाचं घालवलं, एक चांगल्या नावाचं घालवलं. आता हेच राह्यलंय."

लॅबमध्ये आम्ही असंच करतो. हे नाही, ते नाही, मग उरलेलं बघायचं. नाना मास्तर होते, त्यांना ते कळलं असावं.

आत बाळ रडायला लागलं. मी बसून होते. पाजायची वेळ झाली नव्हती.

"रडून राह्यला तो," नाना म्हणाले.

"हो. अजून टाइम हाये त्याला."

"घेत न्हाईस का?"

"घेते ना. टाइमावर घेते."

नाना उठून आत गेले. त्यांनी त्याला उचललं, खांद्यावर टाकलं, खोलीत येरझाऱ्या घातल्या. पोर गप्प झालं तरी ते फिरतच राहिले. मधूनच थांबून माझ्याकडे बघायचे. सासूबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी बाळाला त्यांच्याकडे दिलं आणि चपला घालता घालता म्हणाले, "ठेव."

"काय?"

"त्येच नाव. मी सांगतो समद्यांना. पण जालन्यात चोरून न्हाई करायचं. टेंभुर्णीत, आपल्या दारात, गावाम्होरं करायचं. खर्चा माझा." आणि बस गाठायला म्हणून निघून गेले.

त्यांनी शब्द पाळला. प्रिया त्यांच्याशी फोनवर भांडली, रडली. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "ती पोराला हात लावून न्हाई राह्यली, बाई. नावानं लावत आसंन तर लावू दे." हे मला पुढं सासूबाईंकडून कळलं. तेव्हा मला वाटलं, हात तर लावतेच मी. दिवसातून किती वेळा लावते.

कार्यक्रम उन्हाळ्याच्या तोंडावर झाला. दारात मांडव घातला होता, भाड्याच्या लाल खुर्च्या, पाण्याचे जार. आत टेबलावर पांढरं कापड, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या आणि फुलं. बायकांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या. वस्ती सगळी आली होतीच, पण नानांच्या हाताखाली शिकलेले गावातलेही बरेच आले होते. पहिल्या रांगेत भुजंगराव होते. त्यांच्या वडिलांच्या शेतात नानांची आई आयुष्यभर खुरपायला गेली. आता भुजंगराव आणि नाना सकाळी पारावर एकच पेपर वाटून वाचतात.

नाव काय ठेवणार हे गावभर झालंच होतं. लोक एकमेकांच्या कानाला लागत होते. एक म्हातारी मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "शिकल्या-सवरल्या बाईला काय झालं आसंन?" मी तिच्याकडे बघितलं, तिनं पदर सावरला. प्रिया आली होती, पण तोंड फुगवून मागे बसली होती. संघपाल माझ्या शेजारी उभा होता. त्यानं नवा सदरा घातला होता आणि सदऱ्याच्या घड्या तशाच दिसत होत्या, कारण आदल्या रात्री इस्त्री करायची मी विसरले होते.

विधी सांगायला बौद्धाचार्य तातेराव होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांबरोबर माझेही ओठ हलत होते. मग तातेरावांनी समजावून सांगितलं, की आपल्याकडं सगळं तीनदा म्हणतात, तसं बाळाचं नावही तीनदा पुकारायचं. प्रत्येक वेळी सभेनं 'साधु' म्हणायचं. तीनदा झालं की नाव लागलं.

"आत्या कोण हाये? या म्होरं."

प्रिया उठली नाही. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं, तरी उठली नाही.

"मी घेते," मी म्हणाले.

"घ्या ताई. पण मोठ्यानं घ्या. पार मागच्याला ऐकू गेलं पायजे."

मोठ्यानं हाक मारायची मला सवय आहे. लॅबमध्ये बाकड्यावर बसलेल्या पेशंटांना मी रोज तशीच हाक मारते. आवाज मोठा, सपाट, पुढच्याला एका दमात उठवणारा. बाळ माझ्या हातांवर होतं, डोळे उघडे ठेवून मांडवाच्या कापडाकडे बघत होतं. मी मान वर केली आणि त्याच आवाजात म्हणाले,

"कचरू!"

"जी."

मागून आलं ते. लगेच आलं, हाक पुरती संपायच्या आत.

नाना मांडवाच्या टोकाला उशिरा आलेल्यांसाठी खुर्च्या लावत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. हाक आली तशी त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली, वळले, पायातल्या चपला काढल्या आणि चार पावलं पुढं येऊन थांबले. तापलेल्या मातीत, अनवाणी. पाठ वाकलेली, दोन्ही हात पोटाशी धरलेले, नजर जमिनीवर. आता काय काम सांगतात त्याची वाट बघत.

कुणी 'साधु' म्हणालं नाही.

नानांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी डोळे वर केले. समोर त्यांचे विद्यार्थी बसले होते, सून होती, मुलगा होता. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. मागं चपला पडल्या होत्या, एक उलटी झाली होती. भुजंगरावांनी मान वळवली आणि ती तशीच वळवलेली ठेवली. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. प्रियाचे हात तोंडावर गेले होते, ती रडत होती की काय ते दिसत नव्हतं.

"ताई," तातेराव खाली बघत म्हणाले, "अजून दोनदा घ्यायचं राह्यलंय."

नाना मागं सरकले. चपलेत अंगठा घालायला बघत होते, तो जात नव्हता. शेवटी वाकून हातानं घातली. मग सरळ उभे राहिले, जवळच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि मला म्हणाले, "घे, माय. घे तू. आता न्हाई ओ देणार मी."

असं म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

ते तयार होऊन उभे होते. खुर्चीवरची बोटं पांढरी पडली होती. मी दुसऱ्यांदा हाक मारणार, तिसऱ्यांदा मारणार आणि त्यांनी तोंडातून हूं की चूं काढायचा नाही. आणि मग घरात रोज. दूध पी म्हणून, आंघोळीला चल म्हणून, शाळेत जा म्हणून. मी पोराला हाक मारायची आणि या माणसानं दर वेळी ओठ दाबून धरायचे, का, तर माझं पोर राहावं म्हणून.

मी तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, ते पुढं येईना.

बाळ हातांना जड लागायला लागलं. इतके दिवस ते कधी जड लागलं नव्हतं. त्याची टाळू उडत होती, मानेच्या घडीत पावडर जमली होती, एक कान किंचित दुमडला होता. आणि मला एकदम भीती वाटली. ही भीती मला दवाखान्यात वाटली नव्हती, त्याच्या नाकाखाली बोट धरताना वाटली नव्हती. नाव नाही घेतलं तर याला राखायला माझ्याकडे काहीच नाही. नुसतं दूध आहे, डोस आहेत आणि मी आहे. हे सगळं सम्यकलाही होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "हे नाव न्हाई ठेवायचं."

"दीपमाला," नाना पुढं आले, "माझ्यासाठी मागं फिरू नको. म्हाताऱ्या माणसाची सवय ती, चुकून गेली. तू पोराच्या जिवाचं बघ."

"त्याच्या जिवाचंच बघून राह्यले, नाना. त्याला कुणी हाक मारली तर त्यानं असं उभं राहू नये."

हे मी मोठ्यानं म्हणाले की हळू, आठवत नाही. नाना थांबले. त्यांची हनुवटी हलायला लागली आणि ती थांबवायला त्यांनी हात वर केला.

"मंग कोणतं घ्यायचं?" तातेरावांनी विचारलं. "सभा बसलीये, ताई."

"माहीत न्हाई," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. संघपालनं बाळाला घ्यायला हात पुढं केले, मी दिलं नाही. कुणाच्याच हातात द्यावंसं वाटेना. मी नानांकडे बघितलं. मेलेल्या तीन भावंडांच्या पाठचे ते. सगळ्या मांडवात मला विचारण्याजोगा तो एकच माणूस दिसला.

"नाना, हा राहील ना हो?"

आधीच्या दोघांच्या वेळी हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. याच्या वेळीही नाही. नानांनी माझ्या हातांवरच्या बाळाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. आयुष्यभर पोरांना उत्तरं सांगितलेला माणूस तो.

"मला न्हाई माहीत, माय," ते म्हणाले. "कुणालाच न्हाई माहीत."

ते खोटं बोलले नाहीत म्हणून मला रडू फुटलं. भर मांडवात, गावासमोर, आवाज काढून रडले मी. पेटीतल्या पहिल्यासाठी रडले, सम्यकसाठी रडले आणि हातात होता त्याच्यासाठी सगळ्यात जास्त रडले, कारण तो अजून होता.